राजापर्यंत पोचू कोण देतो? वाचकांचे प्रश्न, यावेळी राजवाडा

गेल्या अंकात खानावळ आणि बाजारपेठ कशी रचायची त्यावर बोललो आणि जाता जाता म्हटलं की राजवाड्यावर प्रश्न पाठवा, तर इनबॉक्स भरला नुसता. अर्ध्या लोकांचा प्रश्न एकच होता खरंतर, म्हणून निवडून घेतलेत. जे टेबलटॉप (टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा गोष्टीचा गेम) खेळत नाहीत आणि चुकून या पानावर आलेत त्यांच्यासाठी एका ओळीत: डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, बाकीचे प्लेअर्स आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि डीएमने मेहनतीने काढलेल्या नकाशाची वाट लावतात.

ताई, कॅम्पेनसाठी (म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या गोष्टीसाठी) राजवाडा काढला. तीन मजले, प्रत्येक रूमला नाव, पडद्यांचा रंगसुद्धा लिहिलेला. प्लेअर्स मेन गेटवर आले, गार्डला म्हणाले राजाला भेटायचंय, मी म्हटलं या, आणि डायरेक्ट दरबारात. बाकीच्या रूम कोणी बघितल्याच नाहीत. काय चुकलं?
– ग्राफपेपरवाला, नाशिक

गार्डने सोडलं, एवढंच चुकलं रे.

राजाला भेटायचंय म्हटल्यावर "या" म्हणणारा गार्ड कुठल्या राज्यात असतो? आपल्याकडे साधं तहसील ऑफिसात साहेबांना भेटायचं तर आधी शिपाई, मग बाकावर बसा, मग साहेब मीटिंगमध्ये आहेत, मग उद्या या. राजवाड्याचं कामच ते आहे, लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी थांबवून ठेवायचं. तू रूम काढल्यास, थांबे काढलेच नाहीस.

इस्तंबूलचा तोपकापी घे, माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. मेहमेद दुसरा याने १४५९ च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुढची जवळपास चारशे वर्षं ऑटोमन सुलतान तिथे राहिले. युरोपातल्यासारखी एकच मोठी भव्य बिल्डिंग नाहीये ती, एकामागोमाग एक चौक आहेत, आणि जसजसं आत जाल तसतशी माणसं गाळली जातात. पहिल्या चौकात बहुतेक कोणीही येऊ शकायचं, तिथे टांकसाळ, बेकरी, दुरुस्त्या करणारे, अर्ज घेऊन ताटकळणारे. मग दुसरा दरवाजा, इथे वजीर असो नाहीतर परदेशी वकील म्हणजे राजदूत असो, घोड्यावरून उतरायचं, घोड्यावर बसून आत जायचा हक्क फक्त सुलतानाला. या दुसऱ्या चौकात एका बाजूला दिवाण भरायचा म्हणजे वजिरांची बैठक, दुसऱ्या बाजूला हजारो लोकांचं जेवण करणारा मुदपाकखाना. आणि गंमत बघ, दिवाणात सुलतान सहसा बसायचाच नाही, वर भिंतीत एक जाळीची खिडकी होती, तिच्यामागे तो असला तर असला, नसला तर नसला, खाली बोलणाऱ्या वजिराला कळायला मार्ग नाही!! तिसरा दरवाजा ओलांडला की लगेच समोर भेटीचा दालनवजा मंडप, वकील लोकांना तिथपर्यंतच, आणि तेही दोन्ही बाजूंनी दोन दरबारी अधिकाऱ्यांनी दंड धरून आत न्यायचे. त्याच्या मागे काय आहे ते बाहेरच्या माणसाला दिसतच नाही.

हे उचल सरळ. तुझ्या तीन मजल्यांच्या जागी तीन दरवाजे कर, आणि प्रत्येक दरवाज्यासाठी फक्त तीन गोष्टी लिहून ठेव: इथे अडवतो कोण, त्याला काय हवंय, आणि इथे थांबलेल्या लोकांकडून काय ऐकायला मिळतं. पहिल्या चौकात प्लेअर्सना बसवून ठेवलंस की ते गप्प बसणारच नाहीत, कोणाशीतरी बोलतील, कोणालातरी पैसे चारतील, रोग (चोराचं पात्र, आजार नव्हे) कुठेतरी चढायला जाईल. मग त्या पडद्यांच्या रंगांचं चीज होईल. आणि प्लेअर्सचे दंड धरून त्यांना राजासमोर ने एकदा, फायटरची तलवार आधीच बाहेर ठेवून घेतलेली असू दे, टेबलावर कशी शांतता पसरते बघ.

राजवाडा किती मोठा काढायचा? आम्ही ५ फुटांच्या चौकोनांवर खेळतो, म्हणजे नकाशावरचा एक चौकोन ५ फुटांचा. मला एकदम भव्य हवाय, चीनच्या बादशहासारखा.
– मोठं तेच खोटं, डोंबिवली

नाव छान घेतलंयस. बीजिंगची निषिद्ध नगरी साधारण ९६१ मीटर लांब आणि ७५३ मीटर रुंद आहे, म्हणजे तुझ्या ५ फुटी हिशोबाने तीन लाखांच्या वर चौकोन होतात, काढतोस का? बाहेरचा खंदकच ५२ मीटरचा, म्हणजे नुसतं पाणी ओलांडायला चौतीस चौकोन.

बरं एकच दालन घेऊ. फ्रान्समधल्या व्हर्सायचा आरसेमहाल ७३ मीटर लांब आणि साडेदहा मीटर रुंद, म्हणजे अठ्ठेचाळीस बाय सात चौकोन. ३० फूट स्पीडचं पात्र (एका राउंडमध्ये, म्हणजे एका फेरीत, ३० फूट चालणारं) चालत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आठ राउंड घेतं, धावलं तरी चार. एवढ्यात धनुष्यवाला एल्फ सगळं संपवून घरी जातो आणि बिचारा बुटका बार्बेरियन अजून धावतोच आहे, त्याचा प्लेअर मोबाईल काढून बसलाय. तेव्हा भव्यपणा वर्णनात ठेव, मारामारी छोट्या जागेत घडव, दाराजवळ, जिन्यात, दोन चौकांमधल्या बोळात. पूर्ण राजवाड्याचा बॅटलमॅप काढायचाच नाही कधी. एका पानावर ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि जिथे लढाई होईल असं वाटतं त्या दोन-तीन जागांचाच चौकोनी नकाशा.

एक गोष्ट मात्र नक्की करच, दोन ठिकाणं एकापेक्षा जास्त वाटांनी जोड. एकच वाट असली की प्लेअर्स रांगेत चालतात आणि डीएम कंडक्टर होतो.

सगळीकडे तेच कॅसल, तेच टॉवर. आपल्या मराठी पद्धतीचा राजवाडा करायचा तर सुरुवात कुठून करू? गेममध्ये जमेल का ते?
– सह्याद्रीचा ड्रॅगन, सातारा

जमेल म्हणजे काय, कॅसलपेक्षा भारी जमेल. पण आधी ठरव, डोंगरावरची राजधानी हवी की शहरातला वाडा, कारण दोन्हीचं टेन्शन वेगळं असतं.

डोंगरावरचं म्हणजे अर्थातच रायगड. तिथे खरा दरवाजा म्हणजे डोंगरच, चढून चढून जीव गेल्यावर वर एकदम बाजारपेठ, तलाव, धान्याची कोठारं, राण्यांचे महाल, मनोरे, आणि मग नगारखान्याच्या कमानीतून आत राजसभा. राजसभा साधारण २२० फूट बाय १२४ फूट, म्हणजे चव्वेचाळीस बाय पंचवीस चौकोन, ग्राफपेपरच्या एका पानात बसते की! आणि सिंहासनाच्या जागी हळू बोललेलं तिकडे नगारखान्याच्या दाराशी ऐकू येतं, हे तर शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच करून बघितलंय. आता गेममध्ये विचार कर, प्लेअर्स दारात उभे राहून कुजबुजतायत की राजा म्हातारा झालाय, सहज गुंडाळू, आणि राजा तिकडून हसतोय. १६७४ च्या राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकिलाला, हेन्री ऑक्झिंडेनला, वर हत्ती बघून प्रश्न पडला होता की हे इथे चढवले कसे. तुझ्या प्लेअर्सनासुद्धा असा एक प्रश्न पडू दे आणि उत्तर देऊ नको लगेच, ते स्वतःच काहीतरी भन्नाट थिअरी काढतील, त्यातली बरी दिसेल ती खरी कर.

शहरातला म्हणजे शनिवारवाडा. पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२, नऊ बुरूज, पाच दरवाजे. दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडक मारू नये म्हणून खिळे, रोजच्या ये-जा करायला त्यात छोटा दिंडी दरवाजा, आणि आत शिरलं की रस्ता सरळ नाहीच, आधी उजवीकडे वळ मग डावीकडे, म्हणजे घोडदळ घुसलं तरी वेग संपला. हे तिन्ही तुझ्या नकाशात फुकटात घे.

पण शनिवारवाड्याचा खरा धडा वेगळाच आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो बाहेरून तट फोडून आलेल्या शत्रूने नाही केला, वाड्याच्या पहाऱ्याला ठेवलेल्या गारद्यांनी केला, थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत शिरले, आणि ज्यांच्या बाजूने कट होता ते काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. खिळे, बुरूज, वळणं सगळं शाबूत होतं. म्हणून मी तर राजवाडा काढताना दरवाजे झाले की लगेच लिहिते, पहारेकऱ्यांना पगार कोण देतो आणि शेवटचा कधी मिळाला. अर्धं कॅम्पेन तिथूनच निघतं.

आणि हो, अठरा कारखाने विसरू नको. जुन्या कारभारात राजाच्या घरचे विभाग ठरलेले असायचे: खजिना, जवाहिरखाना, अंबारखाना, जामदारखाना, मुदपाकखाना, अब्दारखाना (पिण्याचं पाणी), शरबतखाना, दप्तरखाना, नगारखाना, तालीमखाना, शिकारखाना, फरासखाना (तंबू-सतरंज्या), पीलखाना (हत्ती), तोफखाना, दारूखाना, अशी मोठी यादी आहे. बारूदीचा दारूखाना हं, प्लेअर्सना नीट सांग, नाहीतर बार्ड (गाणारं-बजावणारं पात्र) तिकडेच पळेल आणि हातात मशाल असेल. प्रत्येक कारखान्याला एक प्रमुख, त्याचं दुसऱ्याशी जमत नाही, झालं, एनपीसी (डीएमने चालवायची पात्रं) तयार. डी-ट्वेंटी म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि एकोणीस-वीस आलं की पुन्हा टाकायचा, आज कुठल्या खात्यात गडबड आहे ते ठरलं. फरासखान्याचा एक सतरंजीवाला पकड, त्याला राजवाड्यातली प्रत्येक खोली माहिती असते आणि त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, सगळ्या दहा-अकरा वर्षांच्या. सुट्टीत त्यांच्यासाठी मी गेम चालवणार आहे, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना राजवाडाच हवाय. राजकारण वगैरे त्यांना झेपणार नाही, मलाही नाही.
– एक बाबा, ठाणे

अहो बाबा, झेपेल सगळं. मुलांना राजकारण आपल्यापेक्षा चांगलं कळतं, वर्गात कोण कोणाशी बोलत नाही हे त्यांना पाठ असतं.

तुम्ही फक्त चार जागा घ्या: अंगण, स्वयंपाकघर, दरबार आणि राणीची गच्ची. राजवाड्यातली एक वस्तू हरवलीय आणि प्रत्येक जागी एकजण काहीतरी लपवतोय. सुरुवातीला जहांगीर बादशहाची गोष्ट वापरा, त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की आग्र्याच्या किल्ल्यापासून नदीकाठच्या दगडी खांबापर्यंत सोन्याची साखळी बांधली, तिला ६० घंटा, ज्याला कोणाला न्याय हवा त्याने येऊन साखळी ओढावी. तुमच्या राजवाड्याबाहेर अशी साखळी लटकते आहे एवढंच सांगा आणि गप्प बसा. दहा सेकंदांत कोणीतरी ओढणार. पुढे काय करायचं ते विचारायची वेळ येणार नाही तुमच्यावर. खोल्यांची नावं मात्र मुलींनाच ठेवू द्या, तुम्ही ठेवलेली त्यांना आवडणार नाहीतच.

आमच्या विझार्डकडे टेलिपोर्ट आहे, रोग अदृश्य होतो, ड्रुइड (प्राण्याचं रूप घेणारं पात्र) माशी बनून खिडकीतून जाते. भिंती, खंदक, दरवाजे, कशाला काही अर्थच नाही उरला. राजवाडा वाचवू कसा?
– हैराण डीएम, बंगळुरू

पहिली गोष्ट, पूर्ण राजवाड्यावर अँटी-मॅजिक फील्ड (जादू बंद पाडणारं कवच) टाकून मोकळं व्हायचं नाही, ती चीटिंग आहे आणि प्लेअर्सना लगेच कळतं. त्यांनी इतक्या लेव्हल चढून ती स्पेल मिळवली, वापरू दे ना.

दुसरी गोष्ट, ज्या जगात माशी बनता येतं त्या जगात राजवाडा बांधणाऱ्या गवंड्यालाही हे माहिती असणार ना? मग त्याने अडवायचा नाद सोडून कळायची सोय केली असेल. खऱ्या जगातसुद्धा तेच केलंय. जपानमध्ये क्योतोच्या निजो किल्ल्यात पाय पडला की लाकडी जमीन पाखरासारखी चिवचिवते, खालचे खिळे आणि पकडी घासून तो आवाज येतो. हे मुद्दाम केलं की जुन्या लाकडामुळे आपोआप झालं यावर आता वाद आहे, पण तुला काय त्याचं, तुझ्या गेममध्ये मुद्दाम केलंय. अदृश्य माणसालाही वजन असतं. गोवळकोंड्याला खाली फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर टेकडीच्या माथ्यावर बालाहिसारला ऐकू येते, अंतर जवळपास एक किलोमीटर. म्हणजे खालचा पहारेकरी मेला तरी चालेल, मरायच्या आधी एक टाळी वाजवली की झालं. आणि तोपकापीत म्हणे खलबतं करताना खोलीतले नळ सोडून ठेवायचे, पाण्याच्या आवाजात बोलणं बाहेर जात नाही. तुझ्या ड्रुइडबाईंची माशी भिंतीवर बसली तरी तिला खळखळाट सोडून काहीच ऐकू येणार नाही, चालेल की नाही?

तिसरं आणि मला सगळ्यात मजा येणारं म्हणजे बजेट. जादूचं कवच महाग असतं, ते सगळीकडे नाही परवडत. राजाच्या शेजघराला आहे, खजिन्याला आहे, दप्तरखान्याला नाही कारण दिवाण चिकट आहे, आणि स्वयंपाकघराला तर नाहीच कारण तिथे दिवसभर लोकांची ये-जा. एवढं नकाशावर रंगाने दाखव. मग टेलिपोर्ट होतो पण मुदपाकखान्यात, भाताच्या हंड्याशेजारी, चाळीस आचारी बघतायत. प्लेअर्स जिंकले पण, अडकले पण.

प्रत्येक राजवाड्यात चोरवाट हवीच का? आणि असली तर प्लेअर्स पहिल्याच फटक्यात शोधतात.
– भुयारी गटार, कोल्हापूर

शोधू देत. चोरवाट आहे हे कळणं सोपं आणि ती कुठे उघडते हे कळणं अवघड, असं ठेव. बहुतेक खऱ्या चोरवाटा पळून जायला बांधलेल्याच नसतात, नोकर दिसू नयेत म्हणून किंवा नवरा-बायकोला दरबाऱ्यांच्या नजरेआडून ये-जा करता यावी म्हणून असतात. व्हर्सायला राणीच्या शेजघरात भिंतीशी एकजीव झालेलं असं एक छोटं दार आहे, ६ ऑक्टोबर १७८९ ला जमाव आत घुसला तेव्हा मारी अँत्वानेत त्यातूनच राजाच्या दालनांकडे निसटली. रोज वापरातलं दार, त्या दिवशी जीव वाचवला.

शत्रूसाठीची वाट हवी असेल तर दौलताबादची अंधारी बघून ये. काळोखी चढाची वाट, फसवी वळणं, आणि वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत सोडायची सोय. तिथे फासे न टाकताच प्लेअर्सना घाम फुटतो.

आमच्या लोकांनी दोन राजवाडे जाळलेत. फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याची जादू. तिसरा काढू का नको?
– राख, पुणे

हाहा, काढ काढ. इतिहास तुमच्याच बाजूने आहे. निषिद्ध नगरी १४२० ला पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी वीज पडून तिचे तीन मुख्य महाल जळाले. रायगडावरचे वाडे १८१८ च्या इंग्रजांच्या तोफमाऱ्यात गेले, शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला तो सात दिवस जळत होता. दगडी जोती उरतात, वरचं लाकूड जातं, म्हणून आज आपल्याला तिथे नुसते चौथरे दिसतात.

गेमसाठी याचा उपयोग असा की काय जळतं आणि काय उरतं ते आधीच ठरव. खाली दगड, वर सागवान. बीजिंगला चौकाचौकात पाण्याचे धातूचे मोठ्ठाले रांजण ठेवलेत ना, ते आगीसाठीच, थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव घालायचे. तसे चार रांजण मांड, दोनात पाणी आहे, दोन रिकामे कारण पाणी भरणाऱ्याने कामचुकारपणा केला. आणि तिसरा राजवाडा वेगळा काढूच नको, दुसऱ्याच्याच राखेवर अर्धवट बांधकाम चालू असलेला राजवाडा दाखव, परांची लागलीय, दरबार तंबूत भरतोय, आणि गवंड्यांना तुमच्या पार्टीचे चेहरे चांगले लक्षात आहेत.

सिंहासनाचा सीन फ्लॅट जातो. वर्णन वाचून दाखवतो, लोक चिप्स खातात.
– फ्लॅट सोडा, नवी मुंबई

वर्णन वाचू नको, काहीतरी हलव. ९४९ मध्ये इटलीचा लिउत्प्रांद नावाचा दूत कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाइन सम्राटाकडे गेला होता, त्याने लिहिलंय: झाडावर सोनेरी पाखरं गातायत, सिंहासनाशेजारचे सोनेरी सिंह शेपटी आपटून डरकाळ्या फोडतायत, याने तीनदा लोटांगण घातलं आणि मान वर केली तर सम्राट सिंहासनासकट छताजवळ पोचलेला, अंगावर कपडेही दुसरे!! पण पुढे तो म्हणतो की मला भीती वाटली नाही, कारण मी आधीच माहीतगारांकडे चौकशी करून गेलो होतो.

हेच कर. पहिल्या चौकात ज्या प्लेअरने बसल्या बसल्या म्हाताऱ्या अर्जदाराला विचारलं असेल की आत काय असतं, त्याला सिंहांची डरकाळी फुटल्यावर सेव्ह (घाबरतो की नाही ते ठरवणारा फासा) टाकायला लावू नको, बाकी सगळ्यांना लाव. पुढच्या वेळी सगळेच चौकशी करतील.

नकाशा कुठल्या अ‍ॅपमध्ये काढू?
– घाईत, अमरावती

हातात वेळ आणि थोडे पैसे असतील तर इंकारनेट किंवा डंजनड्राफ्ट, दोन्ही चांगली आहेत, पण त्यात फर्निचर लावत बसलात की रात्र जाते. सेशन शनिवारी असेल तर पेन्सिल आणि वहीचं मधलं पान. दरवाजे लाल पेनाने.

पुढच्या अंकाचा विषय बंदर आणि जहाजं. प्रश्न या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा आणि कृपा करून "क्राकेन (समुद्रातला राक्षस) किती मोठा काढू" हा पाठवू नका, त्याचं उत्तर वर डोंबिवलीकरांना दिलंय.